विड्यातल्या विषाचा माग : परळ ते खारघर

नवी मुंबईत खारघरच्या टेकड्यांच्या पायथ्याला, साठ एकरांच्या आवारात टाटा स्मारक केंद्राचे 'ॲक्ट्रेक' हे कर्करोग संशोधन आणि उपचार केंद्र उभे आहे. आज वर्तमानपत्रांत या संस्थेचे नाव येते ते प्रोटॉन किरणोपचारामुळे किंवा रक्ताच्या कर्करोगावरील सीएआर-टी पेशींच्या उपचारामुळे. ते स्वाभाविकच आहे, आजारी माणसाला आधी बरे व्हायचे असते. पण संस्थेचा इतिहास सांगायचा तर तिचे सर्वांत जुने सूत्र हाती घ्यावे लागते आणि ते कारणाच्या शोधाचे आहे. इथल्या माणसाला इथला कर्करोग कशामुळे होतो? या प्रश्नापायी संस्थेच्या प्रयोगशाळांनी अनेक दशके सुपारी, तंबाखू, चुना, मिशेरी आणि मिरची तपासली. माझ्या मते हेच या संस्थेचे सर्वांत मोलाचे काम आहे. तंबाखूचा विडा खाणाऱ्यांना तोंडाचा कर्करोग जास्त होतो, एवढे आकडेवारीने दाखवता येत होते. त्या विड्यातले नेमके काय घातक आहे, तंबाखू काढून टाकली तर उरलेला विडा निर्धोक ठरतो का, आणि झाडावर पिकलेली, पूजेच्या ताटात मानाने ठेवलेली वस्तू शरीरात जाऊन विष होऊ शकते का, हे प्रश्न सोडवायला मात्र प्रयोगशाळाच हवी होती. ती परळला उभी राहिली, वाढली आणि पुढे खाडी ओलांडून रायगड जिल्ह्यात आली.

टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. १८९५ साली क्वेट्ट्यात जन्मलेल्या, लंडनला विकृतिशास्त्र शिकून मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवलेल्या या माणसाने आपले काम सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेपाशी थांबवले नाही. गाठ कोणत्या प्रकारची एवढे सांगून मोकळे न होता ती त्या जागी का आली याचा ते माग घेत. तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा त्यांनी केलेला आढावा १९४४ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी सवयींतून उद्भवणारे तीन प्रकार मांडले. खैनी खालच्या ओठाआड धरून ठेवणाऱ्यांना त्याच जागी होणारा, जळते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांना टाळूवर होणारा, आणि धोतर कमरेला वर्षानुवर्षे घट्ट कसल्याने तिथल्या कातडीला होणारा. हे तीन प्रकार शेजारी ठेवून पाहिले की खानोलकरांच्या विचाराची दिशा कळते. कर्करोग ही दैवगती नाही, तो पाश्चात्त्य राहणीचाही मक्ता नाही. रोज त्याच जागी त्याच वस्तूचा स्पर्श होत राहिला की शरीर तिथे बिघडते, आणि म्हणून ती वस्तू शोधून काढता येते. या एका धारणेवर पुढची सगळी इमारत उभी राहिली.

१९५२ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. हीच पुढची 'कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट'. १९६२ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र अणुऊर्जा विभागाकडे गेले आणि १९६६ साली दोन्ही मिळून टाटा स्मारक केंद्र झाले. प्रशासकीय फेरबदलांत याहून जास्त रेंगाळण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे की संशोधन केंद्रात पेशीशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्राची जाण असलेले लोक एका छपराखाली आले. डॉ. एल. डी. संघवी यांनी सहकारी आणि खानोलकर यांच्यासह १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू ओढणे व चघळणे यांचा घसा-अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. १९६३ पासून भारतीय कर्करोग संस्थेची मुंबई कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि शहरातल्या वेगवेगळ्या समाजांची तुलना शक्य झाली. पारशी समाजात तोंडाचा आणि घशाचा कर्करोग कमी, स्तनाचा अधिक, असे चित्र दिसले. हवा तीच, पाणी तेच, नगरपालिकाही तीच, वेगळ्या होत्या त्या सवयी. शहराच्या हवेलाच सगळा दोष देऊ पाहणाऱ्यांना यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणे कठीण होते.

तरीही आकडेवारीची एक मर्यादा होती आणि ती कोणत्याही संख्याशास्त्रज्ञाच्या कौशल्याने ओलांडता येण्यासारखी नव्हती. आपल्याकडे तंबाखू खाणारा बहुतेक वेळा नुसती तंबाखू खात नाही. पान, कात, चुना, सुपारी आणि तंबाखू हे सगळे एकत्र दाढेखाली जाते. हजारो माणसांना विचारून कळते ते एवढेच की हे मिश्रण घातक आहे. त्यात तंबाखू गुन्हेगार आणि बाकीचे निरपराध सोबती, की सगळेच सामील, हे माणसांच्या नोंदींतून वेगळे काढता येत नव्हते, कारण घटक वेगवेगळे खाणारी माणसे पुरेशा संख्येने सापडत नव्हती. याचा व्यवहारातला परिणाम मोठा होता. दोष एकट्या तंबाखूचा मानला तर सुपारी मुलांच्या हातातही निर्धास्तपणे देता येते. पुढे तसे घडलेही. तंबाखूविरहित म्हणून सुगंधी सुपारी आणि पानमसाला घरोघरी पोचला.

मिश्रण सुटे करण्याच्या कामाला खरी बैठक दिली ती डॉ. कमल रणदिवे यांनी. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ फर्ग्युसनमध्ये शिकल्या, वनस्पतींच्या पेशीशास्त्राकडून कर्करोगाकडे वळल्या आणि १९४९ मध्ये खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. नंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, 'हेला' पेशींमुळे प्रसिद्ध झालेल्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले आणि परत येऊन परळला देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. संस्थेचे नाव धारण करणारी 'आयसीआरसी' ही उंदरांची जातही त्या काळातलीच. स्तनाच्या कर्करोगावरील त्यांच्या कामाची चर्चा अधिक होते, पण या लेखाच्या दृष्टीने त्यांनी आणि डॉ. गोठोस्कर यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी हॅमस्टरवर केलेले प्रयोग महत्त्वाचे आहेत. हॅमस्टर या प्राण्याच्या गालात दाणे साठवायची पिशवी असते. ती बाहेर उलटून तिच्या अस्तरावर द्रव लावता येतो आणि आठवड्या-आठवड्याला झालेला बदल डोळ्यांनी पाहता येतो. माणसाच्या गालात दिवसभर धरलेल्या गुळणीशी याहून जवळचा प्रयोग त्या काळी उपलब्ध नव्हता. सुपारीचा अर्क, तंबाखूचा अर्क, दोन्हींचे मिश्रण असे वेगवेगळे गट करून हे काम झाले आणि १९७६ व १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत आले. सुपारीचा अर्क तंबाखूवाचूनही त्या अस्तरात बिघाड घडवतो, हा त्यातला निष्कर्ष आजही बहुतेक सुशिक्षित घरांत पोचलेला नाही.

रणदिवे यांनी घातलेल्या वाटेवर पुढची दोन दशके डॉ. सुमती भिडे आणि त्यांचे विद्यार्थी चालले. १९७९ साली त्यांनी विड्यातल्या घटकांचे अर्क उंदरांना वेगवेगळे देऊन पाहिले. सुपारीच्या अर्काने गाठी झाल्या. त्याच सुमारास जगभर एक नवी, स्वस्त आणि झटपट चाचणी रूढ होत होती. कॅलिफोर्नियाच्या ब्रूस एम्स यांनी हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारे साल्मोनेला जिवाणू तयार केले होते. ताटलीतल्या जेलीवर हे जिवाणू, तपासायचा अर्क आणि उंदराच्या यकृताचा थोडा रस एकत्र ओतून ताटली ३७ अंश उष्णतेत दोन दिवस ठेवायची. अर्काने जिवाणूच्या डीएनएत बदल घडवला तर काही जिवाणूंना हिस्टिडिन बनवण्याची हरवलेली शक्ती परत मिळते आणि ताटलीवर ठिपक्यांएवढ्या वसाहती उठतात. त्या मोजायच्या आणि अर्क न घातलेल्या ताटलीशी ताडायच्या. यकृताचा रस घालण्याचे कारण असे की कित्येक रसायने मूळ रूपात निरुपद्रवी असतात, शरीर त्यांचा निचरा करू पाहते तेव्हा त्यांचे घातक रूप तयार होते. परळच्या प्रयोगशाळेत सुपारी, तिच्यातला आरेकोलीन हा अल्कलॉइड, मिशेरी, मिरची, पान, हळद अशा कितीतरी वस्तू या ताटल्यांवरून गेल्या.

मिशेरीचे उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. तंबाखूची पाने तापल्या तव्यावर तपकिरी किंवा काळीकुळकुळीत होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि सकाळी बोटाने दातांना लावायची, ही कोकणातल्या आणि घाटावरच्या असंख्य स्त्रियांची रीत. दात घासण्याचे निमित्त, म्हणून हे व्यसन आहे असे घरातही कोणी म्हणत नाही. मिशेरी बाहेर टाकली जाते, ती गिळत नाहीत, मग अपाय कसा, असा युक्तिवाद नेहमी होतो. १९८७ साली भिडे आणि सहकाऱ्यांनी मिशेरीवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपकिरी आणि काळी अशा दोन्ही मिशेरींचे अर्क जिवाणूंच्या डीएनएत बदल घडवत होते आणि तिच्यात तंबाखूतली खास नायट्रोसअमाइने आढळली. कच्च्या पानात असलेले विष भाजल्याने जळून जाते हा समज इथे मोडला. भाजताना धुरातल्या डांबरासारखी नवी रसायने तयार होतात आणि ती हिरड्यांवर चोळली जातात. प्रश्न गिळण्याचा नाहीच, तोंडाचे ओले अस्तर स्वतःच ती शोषून घेते. गावोगावच्या आरोग्यसेविकांना सांगता येईल असे हे कारण आहे आणि ते आपल्या स्वयंपाकघरातल्या तव्यावरून निघालेले आहे. कुठल्याही परदेशी प्रयोगशाळेला मिशेरी तपासावी असे आपणहून सुचले नसते.

लाळेतल्या घडामोडींचा शोध त्याहून पुढचा. १९८५ साली भिडे यांच्या गटाने फ्रान्समधल्या लिओं शहरातील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर विडा खाणाऱ्यांची लाळ आणि लघवी तपासली. सुपारीतल्या अल्कलॉइडपासून बनणारी नायट्रोसो संयुगे लाळेत सापडली, तंबाखू न घालता विडा खाणाऱ्यांच्या लाळेतही. म्हणजे सुपारीतल्या द्रव्याचे घातक रूपांतर तोंडातच होऊ शकते. नंतर याच परंपरेतून गेलेल्या संशोधकांनी चुन्याचा वाटा उलगडला. चुन्याने लाळ अल्कधर्मी होते आणि अशा लाळेत सुपारी व कातातल्या पॉलिफिनॉलपासून प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे तयार होतात, ती डीएनएला इजा करतात. विड्याला रंग चढवणारी प्रक्रिया आणि पेशीला इजा करणारी प्रक्रिया अशा रीतीने एकमेकींना लागून चालतात.

या सगळ्यावर पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. त्याला दिलेली मात्रा अवाजवी, त्याचे आयुष्य दोन वर्षांचे, मग त्यावरून माणसाबद्दल काय बोलायचे? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही आणि संस्थेनेही तो कधी झटकला नाही. याच प्रयोगशाळेने १९७६ साली हायड्राझिन सल्फेटने उंदरांच्या फुप्फुसात गाठी होतात असे दाखवले होते. क्षयावरच्या आयसोनियाझिड या औषधापासून शरीरात हायड्राझिन तयार होते. म्हणून क्षयाचे औषध बंद करा असे कोणी म्हटले नाही. ते औषध घेतलेल्या माणसांच्या नोंदी पाहिल्या गेल्या, त्यांत पुरेसा पुरावा मिळाला नाही, आणि लिओंच्या संस्थेने आयसोनियाझिड माणसासाठी वर्गीकरण करता न येणाऱ्या गटात ठेवले. प्राण्यांवरचा निष्कर्ष हा अंतिम निवाडा मानायचा नसतो, पण तो चौकशीचे सबळ कारण असतो. उलट बाजूही पाहावी. धुराडी साफ करणाऱ्या मुलांना काजळीमुळे कर्करोग होतो हे लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये लिहिले. सशाच्या कानावर डांबर चोळून गाठ उठवायला जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांना १९१५ उजाडले आणि डांबरातून बेन्झोपायरिन वेगळे व्हायला १९३३. ससा माणूस नव्हता, तरी त्याच्या कानाशिवाय ते रसायन हाती लागले नसते, आणि ते हाती लागले नसते तर तेच रसायन सिगारेटच्या, बिडीच्या धुरात शोधावे हेही सुचले नसते.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे आणि तो विज्ञानाच्या आतूनच येतो. लिओंच्या संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूसह विडा कर्करोगकारक ठरवला, पण तंबाखूविरहित विड्याबाबत पुरावा अपुरा म्हटले. सुपारी स्वतः आणि तंबाखूविरहित विडा या दोहोंना पहिल्या गटात, म्हणजे माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत, बसवले ते २००३ च्या बैठकीत, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यांकनात. त्यात तैवानच्या माणसांवरील अभ्यासांचा वाटा मोठा होता, कारण तिथे विडा तंबाखूशिवाय खातात. मग परळच्या उंदरांनी आणि ताटल्यांनी काय साधले? माझे उत्तर असे की तैवानच्या आकडेवारीला अर्थ या ताटल्यांनी दिला. नुसता सहसंबंध दिसला असता तर तिथल्या लोकांच्या दारूकडे, सिगारेटीकडे बोट दाखवून वाद अनंत चालला असता. सुपारीच्या अर्काने प्राण्यांत गाठी होतात, तिच्या अल्कलॉइडपासून लाळेत घातक संयुगे बनतात, चुना त्यात भर घालतो, ही साखळी आधीच जोडलेली होती. म्हणूनच त्या मूल्यांकनात प्राण्यांवरील पुरावाही पुरेसा ठरला. पुढे लिओंच्याच संस्थेच्या मूल्यांकनात एकट्या आरेकोलीनला 'कर्करोगकारक असू शकेल' एवढ्याच गटात ठेवले गेले. साखळीतली प्रत्येक कडी सारख्याच ताकदीने सिद्ध झालेली नाही आणि वर्गीकरण ते प्रामाणिकपणे नोंदवते.

नैसर्गिक ते निर्धोक या समजुतीशी संस्थेने दिलेली झुंज मला सर्वांत जवळची वाटते, कारण ती समजूत आपल्या समाजात फार खोल आहे आणि तिच्यावरच मोठा व्यापार चालतो. निसर्गातली विषे किती क्रूर असू शकतात याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. १९७४ च्या शेवटी राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी गावांत पावसाने भिजून बुरशी आलेला मका खाल्ल्याने ३९७ जण आजारी पडले, शंभराहून अधिक दगावले. ॲस्परजिलस बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिनने त्यांची यकृते निकामी केली होती. हेच द्रव्य थोड्या मात्रेत वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होतो. त्यात कुठलाही कारखाना नव्हता, होता तो ओला धान्यसाठा आणि दुसरे काही खायला नसलेली माणसे. परळला मिरचीच्या अर्काची चाचणी झाली तेव्हा तो काही जिवाणूंत डीएनए-बदल घडवताना दिसला आणि १९८६ च्या एका प्रयोगात उंदरांमध्ये गाठींच्या वाढीला चालना देताना आढळला. त्याच वर्षी त्याच गटाने हळदीतल्या कर्क्युमिनचा उलटा गुण प्रसिद्ध केला. ते स्वतः डीएनएला धक्का लावत नाही आणि मिरचीच्या अर्काचा परिणामही कमी करते. विड्याच्या पानातले हायड्रॉक्सीचॅव्हिकॉल हे द्रव्यही असेच संरक्षक ठरले. एकाच विड्यात पान रक्षण करते आणि सुपारी इजा करते, हे वाचून निसर्ग चांगला की वाईट हा प्रश्नच पोकळ वाटू लागतो. विचारायचे ते कोणते रेणू, किती मात्रेत, कोणत्या पेशीशी, किती वर्षे. हळदीच्या निष्कर्षांचाही विपर्यास होऊ नये. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फार कमी उतरते आणि त्याच्या गोळ्यांनी झालेला कर्करोग बरा होतो असे या प्रयोगशाळेने कधी म्हटलेले नाही. खारघरला डॉ. गिरीश मारू यांच्या गटाने पुढे पाहिले ते हे की बेन्झोपायरिनसारख्या रसायनाने उंदरांच्या डीएनएला होणारी इजा कर्क्युमिन आणि काळ्या चहातली पॉलिफिनॉल कशी रोखतात.

आता नवी मुंबईत राहणाऱ्या वाचकाचा रास्त प्रश्न. एका बाजूला तळोजा औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर पट्टा, कासाडी नदीच्या प्रदूषणाच्या तक्रारी, आणि तुम्ही आम्हाला सुपारीबद्दल सांगता? यात उद्योगांना मोकळे सोडण्याचा डाव नाही का? ब्रूस एम्स यांनीच १९९० मध्ये लिहिले की अमेरिकी माणसाच्या आहारातली वजनाने ९९.९९ टक्के कीटकनाशक द्रव्ये वनस्पतींनी स्वतःच तयार केलेली असतात. त्याचा उपयोग अनेकांनी कारखानदारीच्या बचावासाठी केला. साथरोगशास्त्रज्ञ डॉल आणि पेटो यांनी १९८१ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोग-मृत्यूंपैकी सुमारे ३० टक्के तंबाखूला, ४ टक्के व्यवसायजन्य कारणांना आणि २ टक्के प्रदूषणाला जोडले. हे आकडे तळोज्याला जसेच्या तसे लावणे चूक ठरेल. सरासरीत ४ टक्के असलेला धोका एका विशिष्ट खात्यात काम करणाऱ्या कामगारासाठी कितीतरी मोठा असतो, आणि तो त्याने स्वतः निवडलेला नसतो. विडा खाणाऱ्याला सोडण्याचा पर्याय असतो, बेन्झिनच्या वाफेत उभे राहणाऱ्याला तो नसतो. पण यातून निघणारा निष्कर्ष असा की संस्थेची पद्धत कामगारांच्या बाजूने वापरली पाहिजे, आणि तसे इथे झालेही आहे. डॉ. रजनी भिसे यांच्या गटाने नव्वदच्या दशकात बिडी कामगारांवर काम केले. दिवसभर सुपात तंबाखू घेऊन बिड्या वळणाऱ्या आणि तंबाखू कुटणाऱ्या-चाळणाऱ्या कामगारांच्या, म्हणजे बव्हंशी स्त्रियांच्या, शरीरात हातांतून आणि श्वासातून तंबाखू किती शिरते आणि पेशींतल्या गुणसूत्रांना किती इजा होते हे त्यांनी मोजले. तंबाखू प्रक्रिया करणाऱ्यांत गुणसूत्रांचे विकार वाढलेले आढळले. इथे नैसर्गिक विष आणि औद्योगिक धोका एकाच वस्तूत एकत्र आले आहेत. तंबाखू शेतात पिकते, पण तिची भुकटी श्वासात जाते ती रोजंदारीमुळे. अशी मोजणी करण्याची तयारी असलेली संस्था आता रासायनिक वसाहतींच्या शेजारी आहे, आणि तिथल्या कामगारांच्या रक्त-लघवीतील इजेच्या खुणांची दीर्घकाळची नोंद ठेवणे हे तिच्या परंपरेत अगदी बसणारे काम आहे.

२००२ साली ही संशोधन संस्था परळहून खारघरला, म्हणजे ॲक्ट्रेकमध्ये, आली तेव्हा रुग्णालयापासून दूर जाण्याने काय हरवेल याची चिंता रास्त होती. खानोलकरांची सारी विचारसरणी रुग्णाच्या गाठीपासून मागे जाण्याची होती, आणि रुग्ण तर परळलाच राहणार होते. पण परळची जागा संपली होती. प्राणिगृह, पेशींची कोठारे, जनुकीय यंत्रे यांना तिथे हात-पाय पसरता येत नव्हते. खारघरला संशोधनाबरोबर उपचाराची शाखाही उभी केल्यामुळे तुटू पाहणारा दुवा बऱ्याच अंशी टिकला. संशोधनाच्या मुख्य इमारतीला 'खानोलकर शोधिका' हे नाव आहे. याच परिसरात वाशीला रणदिवे यांच्या पुढाकाराने १९७३ साली स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेचे घर आहे आणि तंबाखूच्या साथरोगशास्त्रावर काम करणारी हीलिस-सेखसरिया संस्थाही. परळला एका इमारतीत जी माणसे शेजारी बसत ती आता एका शहरात आहेत, एवढाच फरक म्हणता येईल.

शेवटचा आक्षेप सर्वांत निराश करणारा आहे. एवढे सगळे कळूनही लोक खातातच, मग या ज्ञानाचा उपयोग काय? उपयोग कायद्याच्या वाटेत मोजावा लागतो आणि ती वाट वळणांची आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द ठरवली, कारण राज्याच्या अन्न अधिकाऱ्याला तो अधिकार नव्हता. खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटिन नसावे असा नियम २०११ मध्ये आल्यावर जुलै २०१२ मध्ये राज्याने पुन्हा बंदी घातली आणि या वेळी गुटख्याबरोबर पानमसालाही तिच्यात आला. राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातल्या प्रौढांमधले तंबाखू सेवन २००९-१० मधील ३१.४ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. धूम्रपान त्यात अवघे ३.८ टक्के, म्हणजे महाराष्ट्राची तंबाखू मुख्यतः तोंडात धरली जाते आणि परळचे जुने निष्कर्ष अजूनही याच तोंडांबद्दल बोलतात. बंदी असूनही पुड्या विकल्या जातात हे कोणी नाकारत नाही. पण सुपारी हा शब्द तंबाखूच्या आडून बाहेर येऊन स्वतंत्रपणे उच्चारला जाऊ लागला, हे या संशोधनाशिवाय झाले नसते.

तिथेच काम अर्धे राहिले आहे. तंबाखूच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागा चित्रमय इशाऱ्याने व्यापलेली असते. पाकीटबंद सुपारीवर 'आरोग्यास अपायकारक' हे शब्द छापावे लागतात, पण टपरीवर अडकित्त्याने कातरून दिलेल्या सुट्या सुपारीला पाकीटच नसते, आणि घरच्या तव्यावर भाजलेल्या मिशेरीलाही नसते. दुसरीकडे संस्था ज्या जिल्ह्यात आहे त्याच रायगडच्या श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे, तिथे तिचे स्वतंत्र संशोधन केंद्र आहे, आणि जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने उन्मळलेल्या बागा पुन्हा उभ्या करताना बागायतदारांची कित्येक वर्षांची मेहनत पणाला लागली. पूजेच्या सुपारीला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही, ती कोणी दाढेखाली धरत नाही. चघळण्याच्या सुपारीचे मात्र तसे नाही, आणि तिची मागणी कमी करायची तर बागायतदाराला पर्यायी पीक, दर आणि वेळ द्यावा लागेल. सुपारीचे झाड नव्याने लावल्यापासून फळ येईपर्यंत वर्षे जातात, तेव्हा वादळानंतर लावलेली रोपे कोणत्या बाजारासाठी वाढत आहेत हे ठरवण्याची वेळ हीच आहे. कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ, श्रीवर्धन-मुरुडचे बागायतदार आणि खारघरचे संशोधक यांनी हा विषय एकत्र बसून सोडवायला घ्यावा, आणि त्याची पहिली बैठक बोलावण्याचा अधिकार सुपारीचा दोष दाखवून देणाऱ्या या संस्थेकडेच जातो.